अळूतली चिंच

प्रिय घरधनिणीस,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नमस्कार.

लेकाकडे मी मजेत आहे. इथले शेजारी दर रविवारी जमून त्या त्या मोसमातल्या भाज्या करायला एकमेकांना शिकवतात. परवा अळू होतं. मी आधी शाळेतली हिरव्या रानाची कविता म्हटली, मग ऐटीत सांगितलं, "चिंच घालू नका, चव बिघडते."

सगळ्यांचे घसे खाजले. शेजारीणबाई खाकरत म्हणाल्या, "आजोबा, नुसती कविताच वाढायची होती."

अळूची खाज चिंचेनं मरते, हे मला या वयात कळलं. चाळीस वर्षं त्या चिंचेवरून मी तुझ्यावर कुरकुरलो. तू कधी सांगितलं नाहीस, की मीच ऐकलं नाही?

गुडघा कसा आहे? तुझी रीत सविस्तर लिहून पाठव. सगळ्यांसमोर वाचीन, आधी तुझं नाव घेऊन.

तुझाच,
खजील सोबती