मागे जाऊन वाचायची मुभा

२ जुलै

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि त्या शिक्षक-प्रशिक्षणाची खरी किंमत काढली. सुट्टीचे सहा दिवस, बसलेला घसा, एक तुटलेली चप्पल, आणि वाचायला शिकवणं हे भाषेच्या बाईंचं काम, आपण विज्ञानवाले, हा तुझा वीस वर्षांचा तोरा. चप्पल सोडली तर सौदा फायद्याचा दिसतो.

पण खरं दुखणं शेवटच्या चार ओळींत होतं. नववीतली ती मुलगी. तोंडी विचारलं की फडाफडा बोलते, लेखी पेपरात भोपळा. फेरपरीक्षेत नापास झाली तर शाळा बंद, शिवणवर्गात घालणार, असं तिचे वडील सांगून गेले. तू लिहितेस, मुलगी आळशी आहे. अगं, कुरकुरणारा पंप घेऊन येणारं गिऱ्हाईकही हेच म्हणतं. मी लगेच खोलत नाही. चालू करतो, लांब स्क्रूड्रायव्हर त्याच्या अंगाला टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि ऐकतो. कुठलं बेअरिंग झिजलंय ते तोच सांगतो. तू त्या मुलीला वाचताना कधी ऐकलंस का?

वाचनाचं मला विचार. सातवीत शाळा सुटली, पण पंपाचं चारशे पानी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, म्हणून हा कारखाना उभा राहिला. कामगारांना आजही हेच ऐकवतो.

मामी विचारते, घशाला काय घेतेस. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

१४ जुलै

ती. मामांस शि. सा. नमस्कार वि. वि.

मागच्या पत्रात रागाच्या भरात मुख्य गोष्ट लिहायची राहिली. प्रशिक्षणाच्या बाईंनी माझ्याच विषयाचं पुस्तक उघडलं, हृदयाच्या कप्प्यांचं पान, आणि आमच्यासमोर मोठ्याने वाचायला लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, की इथे माझा गोंधळ झाला, उजवा कप्पा म्हणतात आणि आकृतीत तो डावीकडे दिसतोय. मग मागे गेल्या, आकृतीवर बोट फिरवलं, पुन्हा वाचलं. एका पानाला नऊ मिनिटं लागली. वीस वर्षं मी ते पान शिकवते, मामा, आणि तिथे कुणी अडत असेल हे माझ्या गावीही नव्हतं. वाचणाऱ्याच्या डोक्यात चालणारं काम मी त्या दिवशी प्रथमच कानांनी ऐकलं.

तुमचं पत्र आल्यावर त्या मुलीला शाळा सुटल्यानंतर प्रयोगशाळेत थांबवलं आणि तेच पान वाचायला दिलं. एका दमात वाचलं, एक शब्द अडला नाही. आकृतीकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. रक्त कुठून कुठे गेलं विचारलं तर पानातलीच ओळ परत म्हणाली. मग मी बाईंसारखं वाचून दाखवलं, अडत, मागे जात. ती बघतच राहिली. हळूच विचारलं तिने, की बाई, मागे जाऊन परत वाचलं तर चालतं का. लहानपणापासून न थांबता वाचलं की शाबासकी मिळत आली, म्हणून मागे जाणं तिला लबाडी वाटत होतं.

फेरपरीक्षेला तीन आठवडे आहेत. आम्ही रोज बसतो. शिवाय शाळेतल्या अठरा शिक्षकांना हे शिकवायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याच गळ्यात घातलंय. त्यांनाही एकदा अडखळवायचंय. तुमचं पंपाचं पुस्तक पाठवाल का? तुम्ही कुठे अडलात, कुठे मागे गेलात, तिथे पेन्सिलीने खुणा करून द्या.

मामींचा काढा घेते आहे. अशीच कानउघाडणी करत राहा.

भिंगरी

२० जुलै

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि कारखान्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. तेहेतीस वर्षं लोखंड ऐकतोय, पण गप्प बसून वाचणाऱ्या माणसाच्या आत एवढी चाकं फिरत असतात हे कधी मनात आलं नव्हतं. आज मामी वर्तमानपत्र वाचत होती, तर नुसता तिच्या डोळ्यांकडे बघत बसलो. दर दोन-तीन ओळींनी डोळे मागे जातात, काहीतरी उचलून आणतात आणि पुढे निघतात. तिने विचारलं, की माझ्या तोंडाला काही लागलंय का.

पुस्तक पाठवतोय. खुणांना सवड झाली नाही. जपून हाताळ, त्यानेच मला घडवलं. त्या पोरीचं काय झालं ते लगेच कळव, इथे दोघांचाही जीव टांगणीला आहे.

मामा

९ ऑगस्ट

ती. मामांस शि. सा. न.

मुलगी पास झाली, शंभरात अठ्ठावन्न. पेपर नेहमी सगळ्यांत आधी देणारी, या वेळी घंटा झाल्यावर तिच्या हातून ओढून घ्यावा लागला. निकाल घ्यायला वडील आले होते. ते निघायची घाई करत होते, तर थांबा म्हणाली, आणि निकालपत्र पुन्हा वरपासून बोट ठेवून वाचलं. शिवणवर्गाचं त्यांनी नाव काढलं नाही.

तुमच्या पुस्तकाने अठरा जणांना घाम फोडला. इतिहासाच्या सरांनी दहावं पान खणखणीत वाचलं, पण पंपात पाणी आधी भरायचं की पंप आधी चालू करायचा, ते सांगता येईना. कुणी हसलं नाही. शेवटी तेच म्हणाले, की माझी दहावीची मुलं रोज अशीच बसतात की काय.

मामींना सांगा, घसा सुटला. दोघांचा हात डोक्यावर असू द्या.

भिंगरी

ता. क. पुस्तक आजच्या टपालाने परत पाठवलं आहे. सोळाव्या पानापुढची सगळी पानं छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेली होती, ती पट्टीने कापून दिली आहेत.