गोळ्यांचा प्रसाद

चामराजपुरम, म्हैसूर
मंगळवार

रा. रा. जगन्नाथराव यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा म्हणवून घ्यायला अजून लाज वाटणाऱ्या दामोदररावचा साष्टांग नमस्कार. पांडुरंगाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत (सगळे म्हणजे मी एकटाच). तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं भजनातल्या श्रीनिवासरावांकडून कळलं. महिनाभर वाचायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. ऐका त्यांचं. शिमोग्यात गारठा असेल, कान झाकून बसत जा.

माझ्या लेकीच्या, यशस्विनीच्या लग्नातल्या प्रकाराबद्दल मी अजून तुमच्याशी बोललेलो नाही. जावयाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावणारा शिंपी आपल्या सात पिढ्यांत झाला नसेल. कोट मी पिऊन शिवला होता, आणि मांडवात आलो तोही पिऊनच, त्यामुळे काही झाकून राहिलं नाही. (पुनीतरावांनी उजवा हात पाठीमागे धरून सगळ्यांचे नमस्कार घेतले. फार समजूतदार मुलगा.) त्या दिवसापासून भागीरथी तुमच्याकडे राहिली ती राहिलीच. दारू सुटली की कळवा, एवढं म्हणाली आणि आत गेली. पाच महिने झाले.

म्हणून मी इथल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात नाव घातलं. दारू सोडवणाऱ्या एका नव्या औषधावर तिथे संशोधन चालू आहे. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची, दिसायला दोन्ही सारख्याच, आणि कोणाला काय मिळालं हे देणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नसतं. दर शनिवारी जायचं, नळीत फुंकायचं, विचारतील ते खरं सांगायचं. (नळीत फुंकणं सोपं.) माझ्या बाकावर येलवालचा कृष्णमूर्ती असतो. हेब्बाळला कंपनीची बस चालवायचा, पिण्यापायी ते काम गेलं. एका शनिवारी तो रडकुंडीला आला. सून नातवाला हात लावू देत नाही, आणि याची खात्री की आपल्या नशिबी पिठाच्याच गोळ्या आल्या. आता तुम्हीच सांगा, आपल्या भजनानंतर गूळ-पोह्यांच्या अवलक्कीचं पातेलं फिरतं तेव्हा एकाच्या हातावर प्रसाद आणि शेजारचा कोरडा, असं कधी झालंय का? मी दोघांच्या बाटल्यांतल्या गोळ्या माझ्या डब्याच्या झाकणात ओतल्या, विठ्ठलाचं नाव घेऊन हलवल्या आणि निम्म्या निम्म्या वाटल्या. प्रत्येकाला अर्धं तरी औषध मिळावं, एवढाच विचार. असं तीन आठवडे चाललं.

चौथ्या शनिवारी डॉक्टर सिंचना आमचे कागद बघून खूश झाल्या. (वयाने आपल्या यशस्विनीएवढी, पण कपाळावर आठ्या तुमच्याएवढ्या.) आम्ही दोघेही सुधारत होतो. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेतल्या ना? हो म्हणायला माझं काय जात होतं? वीस वर्षं बडीशेप चघळत तुमच्या बहिणीशी खोटं बोलतोय, हातखंडा आहे माझा. पण ती पोर पेन उचलून बसली होती. मी म्हणेन ते ती लिहिणार, आणि त्यावरून उद्या कुणा दुसऱ्या भागीरथीच्या नवऱ्याला गोळी देणार, हे मनात आलं आणि माझी जीभ वळेना. सगळं सांगून टाकलं. “अय्यो सर, याके हीगे माडिद्री?” म्हणाली. का केलं म्हणून काय सांगणार, मी प्रसादाची रीत समजावू लागलो. तिने कपाळ टेबलावर टेकलं. खांदे हलत होते, रडतेय की हसतेय कळेना. (दोन्ही, असं कृष्णमूर्तीचं मत.)

आमचे आकडे बिघडले, वरच्यांना कळवावं लागलं, गोळ्या बंद झाल्या. मी पिशवी घेऊन उठलो, तर म्हणाली, बसा, औषधाची परीक्षा संपली, तुमचे उपचार नाही, शनिवार चुकवायचा नाही. इतकं चांगलं वागवून घ्यायची सवय राहिलेली नाही हो, जिन्यात बसून रडलो. आज न पिण्याचा एक्काहत्तरावा दिवस. (त्याआधी एकदा घसरलो होतो. तेही डॉक्टरांकडे लिहून दिलंय.) गोळीमुळे की कृष्णमूर्तीमुळे, हे आता कुणालाच कळणार नाही.

यातलं अक्षरही भागीरथीला सांगू नका. उगाच आशा लावून बसेल.

आपला,
दामोदरराव

ता. क. पुनीतरावांच्या उजव्या हाताचं माप पाठवा. कोटाची एक बाही उसवून ठेवली आहे. सुईत दोरा आता पहिल्या खेपेला जातो.

आणखी एक. शनिवारी घरचं एक माणूस सोबत आणा म्हणतात. कृष्णमूर्तीची सून येते, हल्ली नातवालाही आणते. माझ्या कागदावर भागीरथीचं नाव मी पहिल्याच दिवशी लिहिलंय. खुर्ची मात्र रिकामी असते.

शेवटचं. जगन्नाथराव, तुम्हाला महिनाभर वाचायला मनाई आहे, म्हणजे हे पत्र तुम्हाला मोठ्याने कोण वाचून दाखवतंय ते मला ठाऊक आहे. पत्र लिहायला तुमच्या ऑपरेशनसाठीच थांबलो होतो. भागीरथी, सुटली असं मला अजून लिहिता येत नाही. सुटतेय, एवढं खरं. दादांच्या डोळ्यांतले थेंब थांबले की ये. शनिवारी सकाळी दहाला. पंख्याखालची खुर्ची तुझी.