शिरीषाखालचं आवळीभोजन

प्रिय कालिंदी,

तू साताऱ्याला गेल्यापासून पत्र लिहीन लिहीन म्हणत होतो, त्यात दिवाळी येऊन गेली. फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. पण तुझा फोन आपली आभा स्पीकरवर ठेवते. मी "कशी आहेस" म्हटलं की मागून जावईबापू "मजेत!" म्हणून ओरडतात, बाळ रडायला लागतं, आणि तू "साखर तपासली का" एवढंच विचारून फोन ठेवतेस. सगळ्याच गोष्टी जावयाच्या देखत बोलता येत नाहीत. अक्षराला हसू नकोस. सातवीनंतर हातात पाना आला, तो एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होईपर्यंत सुटला नाही, हे तुला माहीतच आहे.

इकडे कोलकात्यात सगळं ठीक आहे. अमेयला ऑफिसातून यायला उशीर होतो, ऋचा मला वेळेवर जेवायला वाढते, नूपुरची परीक्षा झाली. थंडी म्हणावी तशी नाही, तरी इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी माकडटोप्या बाहेर काढल्या आहेत. मीही एक घेतली. नूपुर म्हणते, "आजोबा, तुम्ही आता पक्के बंगाली दिसता." गॅसची शेगडी बंद आहे की नाही हे मी अजून दोनदा बघतो. ऋचाला ते आवडत नाही, पण बोलत नाही बिचारी.

आता मुद्द्याचं. मागच्या रविवारी आपल्या मराठी मंडळाची सहल गेली होती, बराकपूरच्या पुढे, त्या गंगेकाठच्या वनउद्यानात. तू गेल्या वर्षी तिथूनच आवळ्याची फांदी घेऊन आली होतीस. मी तेव्हा गुडघ्याचं निमित्त सांगून घरी बसलो होतो. या वेळी गेलो. का गेलो, ते खरं सांगतो. तू नसताना तिथे काय काय होतं ते मला बघायचं होतं. तसं नाही. तू असताना काय होत असेल ते बघायचं होतं.

मुलांना झाडं-पक्षी शिकवायला अर्थातच आपल्या सोसायटीतले श्यामसुंदरराव होते. ती खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण. कोळसा कंपनीत साहेब असलेला माणूस, त्याने निवृत्तीनंतर घरी बसावं, तर पोरांना घेऊन चिखलात उतरतो. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शर्टाला इस्त्री कडक. आणि दात सगळे स्वतःचे आहेत, हे मी गाडीत समोर बसून नीट पाहून घेतलं. दिवसभर त्यांच्या तोंडी तूच होतीस. ही पायवाट वहिनींच्या आवडीची. या वळणावर वहिनींनी घुबड शोधलं. वहिनींचे कान फार तीक्ष्ण. घरात मी तीन हाका मारल्याशिवाय ज्या कानांना ऐकू येत नाही, ते कान तीक्ष्ण आहेत, हे मला आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर परक्या माणसाकडून कळावं?

उद्यान चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. वर झाडी इतकी दाट की ऊन खाली येईपर्यंत पार पातळ होतं, आणि झाडांमधून मधूनच नदी दिसते, त्यावरून एखादी होडी जाते. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मुलं नदीकाठी गेली आणि बायकांनी आवळीभोजनाची तयारी काढली. सुलभावहिनी हळदकुंकवाचं ताट घेऊन माझ्याकडे आल्या. "रमेशराव, कालिंदीताई नाहीत, आता तुम्हीच सांगा, आवळा कुठला?" दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, थांबा, श्यामसुंदररावांना विचारू. तेवढंच मला करायचं नव्हतं. बारीक पानांचं एक मोठं झाड दिसलं. मी ठामपणे बोट दाखवलं आणि म्हटलं, "हाच. गेल्या वर्षी हिने याच झाडाखाली पान मांडलं होतं."

पूजा झाली. बुंध्याला सूत गुंडाळलं, दिवे लावले, मसालेभाताचा नैवेद्य दाखवला. वरती शेंगा लोंबत होत्या, कालिंदी! हातभर नसतील, पण वीतभर तरी नक्की. आवळ्याला शेंगा येत नाहीत, हे काही शाळेत शिकावं लागत नाही. पण त्या वेळी मी वर बघितलंच नाही. श्यामसुंदरराव मुलांना घेऊन परत आले, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून झाडाला नमस्कार केला आणि पंगतीत माझ्याच शेजारी बसले. वर मला म्हणाले, "लोणचं वहिनींच्या हातचं दिसतंय." तुझ्या हातचंच होतं. बरणी मीच नेली होती. त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

हात धुताना नूपुर कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, ते ट्री आवळा नाही, शिरीष आहे. श्याम आजोबा बोलले, आज कोणाला सांगायचं नाही." तो माणूस सगळ्यांसमोर हसला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो. त्याने मला सांभाळून घेतलं, म्हणून तर जास्त झोंबलं. आणि आपली नात त्याला आजोबा म्हणते, तेही त्याच दिवशी कळलं.

पण खरा काटा परतीच्या गाडीत रुतला. सियालदह जवळ आलं तेव्हा ते सहज म्हणाले, "वहिनी बाळाचं उष्टावण करूनच येणार म्हणे. तिकीट रद्द केलं ना?" मी "हो हो" म्हणालो. मला काय माहीत? तुझं तिकीट पुढच्या आठवड्याचं, असं मी धरून चाललो होतो. तुझी गादी उन्हात घातली होती. घरी येऊन अमेयला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबा, आईने पक्ष्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, तुम्हाला फोनवर बोलली असेल असं मला वाटलं." त्याच ग्रुपवर साताऱ्याच्या गच्चीवरून तू काढलेले फोटोही आहेत. अमेयने सगळे दाखवले. प्रत्येक फोटोखाली श्यामसुंदररावांचं "वा वहिनी!" आणि त्याच्याखाली तुझे जोडलेले हात. मला तू एकही फोटो पाठवला नाहीस. पाठवून मला काय कळणार, असं तुला वाटलं असेल, आणि ते बरोबरही असेल. तरी पाठवायचा होतास.

तू लेकीसाठी थांबलीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाळंतिणीला आई हवीच. पण या वयात मनात नाही नाही ते येतं. वाटतं, कोलकात्यात हिचं काय आहे? भाषा परकी, घर मुलाचं, आणि दिवसभर शेगडी तपासणारा नवरा. उद्या ही परत आली, तर त्या पक्ष्यांसाठी येईल की माझ्यासाठी? हे फोनवर विचारलं असतं, तर जावईबापूंनी मागून "मजेत!" म्हटलं असतं.

म्हणून परवा मी एकटाच पुन्हा तिथे गेलो. ऋचाला म्हटलं, बँकेत जातो. विचारत विचारत लोकल पकडली, उद्यानात पोचलो आणि नदीकडे तोंड करून बाकावर बसून राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग समोरच्या फांदीवर एक पक्षी आला. मैनेएवढा. अंग पिवळंधमक, लग्नातल्या हळदीच्या साडीसारखं, डोकं मात्र पार काळं, शाईत बुडवून काढल्यासारखं. चोच लालसर, डोळाही लाल. एकदा गोड शीळ घातली, माझ्याकडे मान तिरकी करून बघितलं आणि उडून गेला. माझ्याबरोबर कोणी नव्हतं आणि माझ्याकडे फोटो नाही. श्यामसुंदररावांनी एका क्षणात नाव सांगितलं असतं. कालही ते खाली बागेत भेटले, पण मी त्यांना सांगितलं नाही. अमेयला नाही, नूपुरलाही नाही. हा पक्षी मी फक्त तुला सांगायला ठेवला आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिलं. उष्टावण खुशाल कर, मग ये. पण याचं नाव काय आणि तू येणार कधी, हे दोन्ही ग्रुपवर लिहू नकोस. मला लिही, आणि लवकर लिही. मी रोज खाली जाऊन पत्रपेटी बघतो आहे.

तुझाच,
रमेश