काकाची हाळी

नवी मुंबई,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप लंकाकाकीस,

रत्नाचा वाकून नमस्कार. मी बरी आहे. खाणावळीतल्या वरणात डाळ शोधावी लागते, तरी माझं वजन वाढलंय. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या संस्कृतीची दहावी कशी चाललीय? वाडीत रेंज नाही, आणि फोन लागलाच तर तो चारचौघांत स्पीकरवर वाजतो, म्हणून पत्र. तुला अक्षरं मीच शिकवलीत, तेव्हा हे तुझं तूच वाच. मोठ्या अक्षरात लिहितेय. लेकीला नंतर दाखव, आधी नको.

मी पास झाले. जहाजावरचा रेडिओ चालवायचा परवाना मिळाला. वर्गात पंधरा मुलगे आणि मी एकटी. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, डोंगरातली तू, पाणी पाहिलंयस का? मी म्हटलं, आमच्या डिंभे धरणावर ये, होडीत बसवते.

काकी, हे सगळं तुला कसं सांगू! सोळा नंबरचा एक चॅनल असतो. दर्यावरची जहाजं, कुठल्या का देशाची असेनात, तो रात्रंदिवस ऐकत असतात. एवढा मोठा समुद्र, आणि सगळे कान देऊन. तिथं गप्पा मारायच्या नाहीत, संकटातल्या माणसासाठी तो मोकळा ठेवायचा.

एका दुपारी वर्गातल्या सेटवर खरीच हाक आली. एका मच्छीमार बोटीत पाणी भरत होतं, वर चार माणसं. त्या बोटीचा आवाज किनाऱ्यापर्यंत पोचत नव्हता. मधल्या एका मोठ्या जहाजानं तो ऐकला आणि बोटीचं म्हणणं जसंच्या तसं पुढं सांगितलं. सरांनी नुसता हात वर केला. सगळे सेटभोवती गोळा झालो. मग त्या जहाजाचा कप्तान म्हणाला, आम्ही वळतोय. आपल्या अख्ख्या वाडीपेक्षा लांब ते जहाज, चार अनोळखी माणसांसाठी वळलं. चौघंही वाचले. माझ्या अंगावर काटा आला. देवळातसुद्धा मला असं कधी झालं नव्हतं.

सर म्हणाले, "याला रिले म्हणतात. हाकेला कुणी ओ देत नसेल, तर ज्यानं ऐकली त्यानं ती पुढं पोचवायची."

तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारलं. उत्तर पाठ होतं, पण मी अर्ध्यातच अशी अडले की साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

आता लिहितेच. वरचं सगळं खरं आहे, पण मी ते वेळ काढायला लिहिलं.

सहा वर्षांपूर्वीचा भादवा. सकाळी तुझं नि भागूकाकाचं भांडण झालं, तो होडी घेऊन धरणावर निघाला, आणि तू रागानं भाकरी बांधून दिली नाहीस. तुम्ही भांडलात की मधला टपाली मीच. काकीला सांग, काकाला सांग. त्या आठवड्यात मी अगदी कंटाळले होते. तिन्हीसांजेला मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पाण्यावर धुकं होतं. धुक्यातून भागूकाकाची हाळी आली.

"रत्ने, काकीला धाड काठावर."

दोनदा आली. मला वाटलं, झालं, आता समेट करायचाय, तर करा तुमचं तुम्ही. मी ओ दिली नाही, तुलाही सांगितलं नाही. तिसऱ्यांदा हाळी आली नाही. सकाळी होडी उपडी सापडली. हाळी कुणी ऐकली का, असं सगळ्यांनी विचारलं, तेव्हा मी खाली मान घातली. लाज वाटली, भीती वाटली.

मग लोक बोलायला लागले की भागूनं जाणूनबुजून जीव दिला. तू कुणाला उलट बोलली नाहीस. मला एकदाच म्हणालीस, "त्याच्या मनात यायचं असतं तर हाळी दिली असती त्यानं. म्या भाकरीबिगर धाडला, त्यो तसाच गेला."

नाही गं काकी. तो तसा गेला नाही. त्याला घरी यायचं होतं. शेवटच्या घटकेला त्यानं तुलाच बोलावलं, आणि ते मी तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही. हाळी नुसती कानावर आली, तिच्यात काय होतं ते मला कळलं नाही. आता माझ्यावर हवं तेवढं रागव. मी उत्तर देणार नाही.

पुढच्या सोमवारी मी जहाजावर चढते. तिथं ऐकलेली प्रत्येक हाक वेळेसकट वहीत लिहायची असते. त्याआधी ही एक पोचवायची होती.

भागूकाकाकडून लंकाबाईला: काठावर ये.

तुला मिळाली, एवढं कळव.

जिनं ओ दिली नाही ती,
तुझी रत्ना