दरीतली माती

३ सप्टेंबर २०२२
आज कतारमधल्या मेसईदला पोचलो. मी श्रीपती, उरुळीच्या नर्सरीत अकरा वर्षं काढलेला माळी. वर्ल्डकपच्या पाहुण्यांसाठी इथे एका अवाढव्य शेडमध्ये स्कॉटलंडमधली एक दरी उभारताहेत. बाहेर बेचाळीस डिग्री, आत स्वेटर लागतो. टेकड्या, ओढा, तळं, दगडी चर्च, जांभळ्या फुलांची झुडपं. मन हरखून गेलं. जोडीदार शहाजीदादा, तासगावचे, ओढ्या-तळ्याचे पंप बघणारे. आल्या आल्या त्यांनी चहा पाजला.

८ सप्टेंबर
खुद्द त्या दरीतल्या मातीची पोती आली. ही पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं मुरलेलं गवत. काळी, चिकट, ओल्या चामड्याच्या वासाची. आमचे सुपरवायझर देवव्रत सर पुण्याचे. पाहुण्यांसाठी लावायच्या पाटीवरचा इतिहास त्यांनी वाचून दाखवला. दोनशे वर्षांपूर्वी जमीनदाराने मेंढ्यांसाठी तिथली वस्ती उठवली, घरं पेटवली. जे हटले नाहीत त्यांचं काय झालं, ते पाटीवर नव्हतं.

१४ सप्टेंबर
पोत्यातून हात निघाला. बाईचा. पीटमध्ये मुरून कातडं कमावल्यासारखं, नखं शाबूत. मग खांदा, घडी पडलेला चेहरा. दादा म्हणाले, पोलिसांना कळवू. सर म्हणाले, काम बंद पडेल, सगळ्यांची घरी रवानगी. "माती दळायच्या ग्राइंडरमध्ये घाल. खलास." दादांनी हात लावला नाही. मी घातलं. ओल्या चिंध्या फाटाव्यात तसा आवाज आला.

१९ सप्टेंबर
ती माती टेकडीवर पसरली. झुडपं पाच दिवसांत वीतभर वाढली. मेसच्या डाळीला तोच वास. दात घासले की फेस तपकिरी. दोनदा ओकलो.

२ ऑक्टोबर
ओढ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. दादांनी पंप उघडला. गाळणीत कातड्याचे पापुद्रे, मूठ मूठ. ते हळूच म्हणाले, "श्रीपती, आपण एकीलाच दळलं ना रे? मग हे एवढं कुठून?"
बाकीची पोती मी न बघताच ओतली होती.

२० ऑक्टोबर
दादा चार दिवस दिसले नाहीत. सर म्हणतात, गावी गेले. त्यांच्या चपला तळ्याकाठी आहेत.
माझे तळहात काळपट, कडक. ब्लेड लागलं तरी रक्त नाही. किळस येते स्वतःची.

६ नोव्हेंबर
चर्चमागची माती फुगते, बसते. उकरलं. दादा. डोळे मिटलेले, गाल लिबलिबीत, गरम — पुन्हा झाकलं. मीच झाकलं —

१२ नोव्हेंबर
पाहुण्यांआधी आज इथल्या शाळेच्या मुलांना आत सोडलंय. ओढ्यापाशी पाटी, पिण्याचं शुद्ध पाणी. रांग लागलीय. ओरडलो. आवाजच नाही, तोंडातून नुसता काळा चिखल — म्हणून खिशातल्या वहीत लिहितोय, पान दाखवीन —
मुलांनो, हे पाणी पिऊ नका. यात माणसं —
मराठी कुठे येतं यांना. इंग्रजीत — डोन्ट — बोटं वळत नाहीत — त्या मुलीने ओंजळ तोंडाला