उशाखालचं पुस्तक

१२ नोव्हेंबर १९८३

पोहोचले एकदाची! दोह्याहून गाडीने पावणेदोन तास, मग कतारच्या उत्तर टोकाचं हे गाव, मदिनत अश शमाल. घर पांढरं, एकमजली, मागे समुद्र. मालक वर्षातले दहा महिने बाहेरच असतात. त्यांचा जुन्या वस्तूंचा संग्रह नाशिकचे श्याम सर सांभाळतात. स्वयंपाकाला दापोलीच्या रुकैयाचाची. मला बघून म्हणाल्या, अगो, इतकी काडी पोर, इथलं वारं सुटलं की थेट इराणला जाशील!

सोलापूरला अण्णांनी उभा जन्म पुस्तकं बांधण्यात घातला. हजारो शिवली, वाचलं एकही नाही. आम्ही त्यांची दोन लेकरं; धाकट्या केरबाने शाळा सोडली, घरातली पहिली पदवी माझी. जुन्या कागदांच्या जतनाचा कोर्स मी पुरा केला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, आमच्या हौसाने केलं म्हणून. इथे मी नीट, खरं काम करणार आहे.

१५ नोव्हेंबर

आज पेटी उघडली. पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाचं पुस्तक, पंज्याएवढं. इजिप्तमधलं, ग्रीक भाषेतलं. तज्ज्ञांच्या मते योहानाचं शुभवर्तमान, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचं. काजळीची शाई अजून काळीभोर. पानं एकमेकांना चिकटली आहेत. ओलसर टीपकागदाखाली तास-तास ठेवून एकेक सोडवायचं आणि दोन काचांमध्ये बसवायचं. खळ मी अण्णांसारखी गव्हाची केली, फक्त कीड लागू नये म्हणून ते घालतात तो मोरचूद घातला नाही.

काम सुरू करण्याआधी पुस्तकाला नमस्कार केला. सर म्हणाले, अहो बाई, तो बायबलचा भाग आहे, गणपतीला राग येईल. मी म्हटलं, अक्षराला धर्म नसतो. ते बराच वेळ हसत होते.

१९ नोव्हेंबर

शिवणीत केस अडकलेले सापडले. लांब, तपकिरी. वरच्या पुठ्ठ्याला मधोमध खळगा आहे. पेटीच्या तळाशी खणणाऱ्याची अरबी चिठ्ठी होती. सरांनी वाचून दाखवली : कबरीत दहा-बारा वर्षांची मुलगी होती, हे पुस्तक तिच्या डोक्याखाली उशीसारखं ठेवलेलं होतं.

कुणीतरी आपल्या लेकीला झोपवताना घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट दिली होती. मी रजिस्टरमध्ये ‘उगम’च्या रकान्यात सगळं लिहिलं. केसांसकट.

२० नोव्हेंबर

सरांनी ते पान फाडायला लावलं. म्हणाले, कबरीतलं म्हटलं की कुठलीही लायब्ररी हात लावणार नाही. ‘युरोपातील जुना कौटुंबिक संग्रह’ असं लिहा, खलास. या धंद्यात सगळे हेच लिहितात. मी वाद घातला. ते म्हणाले, खरं लिहिलं तर सुटी पानं चोरून विकली जातील, चालेल तुमच्या तत्त्वाला?

पानं एकत्र राहतील, अभ्यासक वाचतील, अशी मनाची समजूत घातली आणि माझ्याच सुवाच्य अक्षरात नवं पान लिहिलं. चिठ्ठी सरांनी जाळली. केस बेसिनमध्ये टाकून मी पाणी सोडलं.

चिठ्ठीत त्या मुलीचं नाव होतं का, हे मी विचारलंही नाही.

२४ नोव्हेंबर

दुपारी चाचींनी दोनच ताटं वाढली, त्यांचं आणि सरांचं. मी समोर बसलेली होते. मग दचकून म्हणाल्या, अगो, तू कधी आलीस? मला वाटलं, थट्टाच.

२८ नोव्हेंबर

हजेरीपुस्तकातल्या माझ्या सह्या गेल्या. खोडलेल्या नाहीत, नाहीतच. कागदाला बोटाने चाचपलं, पेनाची खूणसुद्धा लागत नाही.

बेसिनच्या जाळीत केस येतात. रोज काढते. माझे काळे आहेत, हे तपकिरी.

१ डिसेंबर

सर कामाच्या खोलीत आले आणि माझ्याशी हिंदीत बोलले. आप को किससे मिलना है? इतके दिवस मराठीत बोलणारा माणूस! मी नाव सांगितलं. कपाळाला हात लावून म्हणाले, सॉरी, ऊन लागलं असेल. पण जाताना वळून पुन्हा त्याच नजरेने पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं.

८ डिसेंबर

अण्णांचं पत्र आलं. मला नाही, सरांना. शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. कुठून तरी पत्ता मिळाला म्हणे. माझा मुलगा केरबा याला कामाला घ्या. आमच्या घरात शिकलेलं कोणी नाही, एकुलतं एक लेकरू आहे, पण कष्टाळू आहे.

सरांच्या खांद्यामागून तीनदा वाचलं. एकुलतं एक.

९ डिसेंबर

रजिस्टर काढलं. मुलीची ओळ परत लिहिली. शाई वाळते आणि पान कोरं होतं. पुन्हा लिहिली. पुन्हा कोरं. खालची खोटी ओळ मात्र ठसठशीत — माझ्या अक्षरात — आणि पुस्तक परवाच विमानाने लायब्ररीकडे गेलं, त्याच ओळीची नक्कल घेऊन. आता ती ओळ कोण बदलणार —

चाचींच्या हाताला धरलं. त्यांनी हात झटकला, माशी बसल्यासारखा.

११ डिसेंबर

नवी मुलगी आली. विभावरी, पुण्याची. सर तिला सांगत होते, ही जागा रिकामीच होती, तुमच्याआधी कोणी मिळालंच नाही. ती हसली. माझ्या पलंगावर बसली. नमस्कार केला — कामाच्या खोलीतल्या नव्या पेटीला —

नको. सरांना विचार, पेटी कुठून आली ते विचार —

तिने ही वही उचलली. पानं चाळते आहे. कोरी वही मिळाली म्हणून खूश आहे. पेन काढलं. वर तारीख टाकते आहे, इथेच, माझ्याच ओळीवर — मी तिच्या पेनाच्या पुढे लिहिते आहे — वाच ना गं — मी होते, माझं नाव हौसा महि