टोमॅटो क्रमांक चार

ती. ताईस,

धाकट्याचा कंबर धरून जमेल तेवढा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना माझ्या वतीने सांग, की तिसऱ्या मजल्यावर राहता, खाली अंगण नाही, हे फार मोठं भाग्य आहे, जपून ठेवा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. कंबर सोडून.

या नव्या भाड्याच्या घरामागे जमिनीचा एक तुकडा आहे. मालकीणबाईंनी करारात एकवीस अटी घातल्या आहेत (भिंतीला खिळा नको, मांजर नको, पाहुणे आठवड्याच्या वर नकोत), पण भाजी लावू नये हे लिहायचं त्यांच्याकडून राहून गेलं आणि तुझ्या भावजयीने ते हेरलं. बाबा घर बदलल्यापासून एका न उघडलेल्या खोक्यावर बसून असायचे. जेवलात का विचारलं तर हो म्हणायचे, काय जेवलात विचारलं तर आठवायचं नाही. तेव्हा घरची ताजी भाजी आणि बाबांना उद्योग, असा बेत तिने ठरवला. मी ऑफिसात होतो, त्यामुळे माझं मत घ्यायचा प्रश्न आला नाही.

आता, तीस वर्षं जमीन मोजण्याची नोकरी केलेल्या माणसाला जमीन दाखवली की काय होतं, हे तुला वेगळं सांगायला नको. पहिले चार दिवस बी नाही, खत नाही, नुसती मोजणी. टेपचं दुसरं टोक धरायला मी. (सात फूट चार इंच बाय पाच फूट. एवढ्यात एखादा तालुका मोजून झाला असता.) मग नकाशा झाला, त्यात प्रत्येक रोपाला क्रमांक मिळाला. एक ते सहा टोमॅटो, सात ते बारा मिरची, कडेने पालक. नकाशा फ्रिजवर चिकटवला, कारण खिळा नको. भाज्या धुतलेलं पाणी फेकायचं नाही ही बाविसावी अट बाबांनी घातली, त्यामुळे घरातल्या सगळ्या बादल्या स्वयंपाकघरात असतात आणि मी अंघोळ पातेल्यातून करतो. सकाळी चहाबरोबर हजेरी. नऊ नंबर मरगळलाय म्हणतात आणि बघतात माझ्याकडे.

पुढे एका रविवारी बाबा केस कापायला गेले आणि मला नको तो उत्साह आला. तण काढून त्यांना चकित करावं म्हटलं. तासाभरात वाफा स्वच्छ. चकित झाली ती तुझी भावजय. "तण ठेवलंत आणि टोमॅटो उपटलेत," ती म्हणाली. पुढचं तुला काय सांगू. ती तशीच स्कूटरवरून रोपवाटिकेत गेली, सहा रोपं आणली, आणि बाबा परत यायच्या आत आम्ही दोघांनी ती चोरासारखी लावली. न्हाव्याने त्या दिवशी बाबांना तासभर जावयाच्या तक्रारी सांगितल्या, त्याचं देव भलं करो. दीड महिन्याने टोमॅटो क्रमांक चारला जांभळं फूल आलं. मी म्हटलं, नवीन जात असेल. बाबांनी फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हल्ली काहीही निघतं म्हणाले आणि पेन्सिल मागितली.

पहिलं पीकही निघालं. मूठभर पालक शिजून चमचाभर झाला, त्याचे बाबांनी तीन समान वाटे केले. मालकीणबाई आता दर दोन दिवसांनी घराची पाहणी करायला येतात आणि मिरच्या घेऊन जातात. असा सगळा छळ आहे, ताई. ठरल्याप्रमाणे एक तारखेपासून बाबा सहा महिने तुझ्याकडे. मी सुटलो. बादलीने अंघोळ करीन आणि चहा गरम असताना पिईन.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांनी परवा बॅग भरली आणि पुन्हा त्या खोक्यावर जाऊन बसले. म्हणून विचारतो, तुमच्याकडे रंगकाम काढता येईल का? किंवा दाजींच्या गुडघ्याचं काही? सहा महिने पुरेल असं कारण त्यांना कळव. मला ते इथेच हवे आहेत. माझ्या तोंडून हे निघत नाही, आणि मी म्हटलं असं त्यांना कळू देऊ नकोस.

आणखी एक. डिंकाची बाटली बाबांच्या ताब्यात आहे (नकाशा), तेव्हा पाकीट चिकटवून टपालात टाकायला त्यांच्याकडेच देतो आहे. तेवढेच पाय मोकळे होतील.

चि. थोरलीस तुझ्या बापाचे आशीर्वाद. वाफा पाच फूट नसून चार फूट अकरा इंच आहे. क्रमांक एक ते सहा वांगी आहेत. हे मला त्याच संध्याकाळी पानांवरून कळलं होतं. नकाशात दुरुस्ती केली आहे, त्याला सांगू नकोस. घराचं रंगकाम काढू नकोस. त्याने एकदा तोंडाने राहा म्हटलं तर मी राहीन. सध्या वाफ्याशी बसलो आहे, पाकीट हातात आहे. तो खिडकीतून दोनदा बघून गेला. आज त्याने राहा म्हटलं नाही, तर पत्र उद्या टाकतो.